एकोणसाठ की एकसष्ट

लहू ओव्हाळांच्या घरी थंडीत दही लागायचं ते मूळ संख्येच्या उबेवर.

लुडविग्सहाफेनच्या उत्तर टोकाला, ओपाऊमध्ये, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. खिडकीतून कारखान्याची धुराडी दिसतात. मुलगी हर्षा शिकली, नोकरीला लागली आणि म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहायला गेली, तेव्हा तिच्या रिकाम्या खोलीत लहूंनी टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. तो कधी बंद व्हायचा नाही. सारखा घूं घूं करायचा आणि पाठीमागून तव्यासारखी धग सोडायचा. अरुणाबाईंनी आधी नाक मुरडलं. मग एके दिवशी विरजणाचं भांडं गुपचूप त्याच्या मागे नेऊन ठेवलं. दही असं लागलं की सुरीने कापावं.

"तुमच्या आकड्यानं एवढं तरी पुण्य केलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

लहू मूळचे उदगीरकडचे. रसायनशास्त्र शिकून संशोधनासाठी म्हणून जर्मनीत आले आणि इथल्याच मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रमले ते निवृत्त होईपर्यंत. माणूस बोलायला कमी, हसायला पुढे. नोकरी रसायनांशी, पण जीव आकड्यांवर. कुणाला सिगारेट असते, कुणाला पत्ते असतात. लहूंना मूळ संख्या. रोज सकाळी अरुणाबाई मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणत. लहू मागे हात जोडून उभे. शेवटचं 'साधू साधू साधू' तोंडातून निघायचा अवकाश, की पाय आपोआप शेजारच्या खोलीकडे वळायचे.

"आधी बुद्धाला वंदन, मग आकड्याला," अरुणाबाई मागून ऐकवायच्या. "ज्या दिवशी उलटं होईल त्या दिवशी ताट त्या डब्याकडेच मागा."

रविवारी यशपाल यायचा. नागपूरचा पोरगा, त्याच कारखान्यात इंजिनियर, इथे एकटा राहणारा. अरुणाबाईंच्या पोह्यांसाठी यायचा आणि पोह्यांच्या बदल्यात लहूंची गणितं ऐकून घ्यायचा.

"लहूदादा, एकदाचं सांगून टाका. हा डबा करतोय तरी काय?"

"शोधतोय. एक मूळ संख्या. जिला एक आणि ती स्वतः, एवढं सोडून दुसऱ्या कशानंच भाग जात नाही."

"ते शाळेत झालं. सात, अकरा, तेरा."

"त्या लहान. ही लिहायला घेतली तर कोटीच्या वर आकडे होतील. एवढ्या मोठ्या संख्येचा खरेपणा तपासायचा तर तिला काहीतरी रूप पाहिजे. म्हणून आपण एकोणी धरायची."

"एकोणी?"

हा शब्द लहूंचा स्वतःचा. जगात तिला दुसरं नाव आहे, पण लहू म्हणत, आपल्या भाषेत घरचा शब्द असताना बाहेरून कशाला आणायचा? एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. तसं दोनाला दोनाने गुणत जायचं, गुणत जायचं, आणि थांबलो तिथून एक कमी करायचा. चारातून एक गेला, तीन. आठातून एक गेला, सात. बत्तिसातून गेला, एकतीस. झाली एकोणी.

"आणि सोळातून एक गेला तर पंधरा," यशपाल म्हणाला. "ती तर तिनानं तुटते."

"गेनाऊ! अगदी बरोबर! कारण दोन किती वेळा घेतला ती संख्या, तो घात, तोच मुळात मूळ पाहिजे. सोळा म्हणजे चार वेळा दोन. चार मूळ नाही, मग एकोणीही नाही. आणि घात मूळ असला म्हणजे एकोणी मूळ असेलच, असंही नाही. तीच तर गंमत." लहूंनी चहाच्या कपाखालची बशी ओढून घेतली आणि तिच्यावर चमच्याने अदृश्य आकडे काढायला सुरुवात केली. "कॉम्प्युटरच्या लिपीत ही संख्या कशी दिसते माहीत आहे? नुसते एक. एक, एक, एक, एक, टोकापासून टोकापर्यंत. मध्ये एक शून्य नाही. सगळ्या जागी सारखंच. कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही."

"दादा, पण डावीकडच्या एकाची किंमत जास्त असते हो."

"तुला पोहे नकोत का?"

अरुणाबाई स्वयंपाकघरातून हसल्या. लहू मात्र बोलायला लागले की थांबत नसत. शेवटचा आकडा एक नाहीतर सातच, असं त्यांनी सांगितलं. पहिली, तीन, तेवढी अपवाद. मग म्हणाले, प्रत्येक मूळ एकोणी आपल्यासोबत एक परिपूर्ण संख्या घेऊन येते. सातला चारानं गुणलं की अठ्ठावीस. आणि अठ्ठाविसाला ज्यांनी ज्यांनी भाग जातो ते एक, दोन, चार, सात, चौदा मिळवले की पुन्हा अठ्ठावीस.

"म्हणजे हुंडा घेऊन येते," यशपाल म्हणाला.

"आपल्यात हुंडा घेत नाहीत," अरुणाबाई आतून म्हणाल्या, आणि विषय तिथेच मिटला.

असे एकोणी शोधणारे जगभर हजारो हौशी लोक आहेत. प्रत्येकाला एकेक घात नावावर राखून मिळतो. आपापल्या मशिनवर तो तपासायचा. लहूंनी आजवर कितीतरी तपासले, सगळ्या एकोण्या तुटल्या. पण आता जो घात त्यांच्या नावावर होता, त्याच्यावर त्यांचा जीव जडला होता. का, तर त्याच्या शेवटी एकोणसाठ होतं. "एकोणीच्या पोटात एकोण!" ते म्हणायचे, आणि समोरच्याला काही कळलं नाही तरी स्वतः खूश व्हायचे. अडचण एवढीच की डबा म्हातारा. त्याच्या चालीनं निकाल लागायचा तर वैशाख पौर्णिमा उलटून गेली असती, आणि तेवढ्यात राखीव मुदतही संपली असती.

नाताळात हर्षा घरी आली, तेव्हा जेवताना हे निघालं. हर्षाला मराठी सगळं कळतं. बोलते मात्र जर्मनमध्ये. आईने मराठीत विचारायचं, हिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा घरचा शिरस्ता. वडिलांशी तर तेवढंही नाही. तिचा फोन यायचा तो आईला. शेवटी "पप्पांना विचारलं म्हणून सांग" म्हणायची, आणि समोर बसलेले लहू मान हलवायचे.

त्या दिवशी वरण वाढून घेता घेता ती जर्मनमध्ये म्हणाली, "माझ्याकडचा नवा कॉम्प्युटर दिवसभर रिकामाच असतो. तुझी संख्या मला दे ना. काही आठवड्यांत होईल."

लहूंचा घास हातातच राहिला. संख्या लवकर होईल हा आनंद होताच. पण हर्षानं त्यांच्याकडे काहीतरी मागितलं होतं, आणि तेही तेच, जे त्यांना सगळ्यात प्रिय. जेवण झाल्यावर भांडी त्यांनी घासली.

हर्षा परत गेल्यावर फोनवर त्यांनी घात सांगितला. तीस वर्षं जर्मन प्रयोगशाळेत काढली, पण लहूंना आकडे दिसायचे मराठीतच, तेही दोन दोनच्या जोडीनं. तसेच त्यांनी सांगितले. शेवटची जोडी सांगताना आवाज जरा लाडात आला, "आणि मग आपलं एकोणसाठ."

"हो, हो," हर्षा जर्मनमध्ये म्हणाली. टाईप केल्याचा टकटक आवाज आला. "गेनोमन. घेतला मशिननं."

त्यानंतर त्या घरात एक नवलच झालं. हर्षाचा फोन लहूंना यायला लागला.

आधी तो अगदी कामापुरता. "पप्पा, दहा टक्के." मग लहू विचारत, "मशिन तापतं का गं? खिडकी किलकिली ठेव." मग ती सांगे की खिडकी उघडली की खालच्या शेजारणीचा कुत्रा भुंकतो. मग कुत्र्यावरून शेजारीण, शेजारणीवरून घरभाडं, भाड्यावरून ऑफिस. तिचा बॉस वाक्याची सुरुवात 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणून करतो आणि शेवटच करत नाही, हे लहूंना प्रथमच कळलं. आपली मुलगी साखर सोडून चहा पिते, हेही. तिने एकदा विचारलं, सगळे एकच असलेली ती संख्या खरंच तशी दिसते का. आणि लहूंनी तिला सोळा आणि पंधरा लिहून बघायला लावलं. "एकावर चार शून्यं, त्यातून एक काढ." थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "ओ! श्योन." सुंदर, म्हणाली ती. लहू दिवसभर घरात गुणगुणत फिरले.

"मला एक कळेना," अरुणाबाई म्हणाल्या, "पोरीला वाढवलं मी, आणि गोड लागतोय तो आकडा."

"तुझा फोन काही कमी झालाय का?"

"झालाय की. पण असू द्या. तुमचं तोंड बघितलं की बरं वाटतं."

मग निकाल लागला. हर्षाने स्क्रीनचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, मूळ नाही, माफ कर पप्पा.

लहूंनी चष्मा पुसला. फोटो मोठा केला. मूळ नाही, हे त्यांना फारसं लागलं नाही. तुटणं हा या संख्यांचा स्वभावच. पण घाताचे शेवटचे आकडे बघून ते सोफ्यावर टेकले. सहा आणि एक. एकसष्ट.

"अरुणा," त्यांनी हाक मारली. "हिनं एकसष्ट घातलंय."

अरुणाबाई पिठाचे हात घेऊन आल्या. "म्हणजे?"

"एकोणसाठ सांगितलं होतं. हिनं आइनउंडझेश्त्सिश ऐकलं, एक आणि साठ."

अरुणाबाई हळूच खुर्चीवर बसल्या. दोघांनाही एकच गोष्ट आठवली.

हर्षा पहिलीत असेल. मानहाइमच्या हॉलमध्ये पौर्णिमेचा कार्यक्रम, चाळीसेक आपली माणसं, खीरदान झालेलं. कुणीतरी कौतुकानं विचारलं, काय गं बेटा, एकोणतीस म्हणजे जर्मनमध्ये किती? पोरीनं क्षणभर विचार केला. बेचाळीस म्हणजे आधी दोन, मग चाळीस. जर्मनमध्येही आधी दोन, मग 'उंड', म्हणजे 'आणि', मग चाळीस. मग एकोणतीस म्हणजे एक, उंड, तीस. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आइनउंडड्रायसिश!" एकतीस. हॉल हसला. लहू सगळ्यात जास्त हसले. आणि पुढे कितीतरी वर्षं घरी आलेल्या प्रत्येकाला हौसेनं तो किस्सा सांगत राहिले. पोर दारात उभी राहून ऐकायची. मग हळूहळू तिने मराठी बोलणंच सोडलं. ती इथल्या शाळेची सवय, असं सगळे समजले.

"तरीच तिनं फोनवर परत विचारलं नाही," लहू म्हणाले. "विचारलं तर पुन्हा हसतील म्हणून."

"आणि तुमचा एकोणसाठ?"

लहूंनी पाहिलं. मुदत संपली होती. घात दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेला होता, दूर कुठल्यातरी देशात.

"तिला सांगायचं नाही," ते म्हणाले. "आकडा गेला तर गेला. ती पुन्हा गप्प झाली तर मला चालणार नाही."

"खोटं बोलणार?"

"तूच सांग. शील काय म्हणतं?"

अरुणाबाईंनी जरा विचार केला. "खोटं बोलू नये, असं म्हणतं. न विचारता बडबड करावी, असं कुठं म्हणत नाही." आणि उठता उठता म्हणाल्या, "पण तुमच्या पोटात राहील तर ना."

राहिलंच नाही. कारण वाईट वाटणं ओसरल्यावर लहूंच्या डोक्यात गणित सुरू झालं. हर्षाची चूक मशिननं घेतलीच कशी? घात मूळ नसेल तर तो प्रोग्रॅम दारातूनच परत पाठवतो. म्हणजे शेवटी एकसष्ट असलेला तो घातही मूळच! दोघांत फक्त दोनाचं अंतर. जुळ्या मूळ संख्या! लहूंच्या अंगावर काटा आला. असली जुळी एवढ्या मोठ्या आकड्यांत किती विरळ, आणि पोरगी चुकून अचूक दुसऱ्या जुळीवर जाऊन पडली!

संध्याकाळी फोन आला तेव्हा हर्षाचा आवाज उतरलेला होता. "पप्पा, तुला फार वाईट वाटलं का?"

"छे गं! वाईट कसलं? अगं, ती जुळी आहे! तिच्या आणि तिच्या बहिणीच्या मधे जी संख्या आहे ना, तिला सहानं भाग जातो, बघ करून. जुळ्यांच्या मधे नेहमीच तसं असतं. दुसरी कुठलीही चूक झाली असती ना, तर मशिननं घेतलीच..."

लहू थांबले. अरुणाबाईंनी कपाळावर हात मारला.

"कसली चूक?" हर्षाने विचारलं.

मग त्यांना सांगावंच लागलं. पलीकडे शेजारणीचा कुत्रा भुंकला.

"व्हीडर दास," हर्षा म्हणाली. पुन्हा तेच. आणि फोन बंद झाला.

त्यानंतर फोन नाही. आईलाही नाही. लहू जुन्या डब्याला नवी संख्या देईनात. डबा गार पडला, आणि दही पातळ लागायला लागलं. यशपाल आला तर त्याच्यापुढे पोहे ठेवून लहू नुसते बसून राहिले. "दादा, ती संख्या गेली म्हणून का?" त्यानं विचारलं. "संख्या कुठं जात नाही रे," लहू म्हणाले. "ती आपल्या जागी असते. माणसं जातात." वंदनेच्या वेळी अरुणाबाई मैत्रीची गाथा जरा लांबवून म्हणू लागल्या, सगळे प्राणी सुखी होवोत, आणि मनात म्हणत, त्यातले दोन आधी.

एका दुपारी फोन वाजला. अरुणाबाईंनी उचलला. त्या काही बोलायच्या आतच पलीकडून आवाज आला, "मम्मी, पप्पांना दे."

लहूंनी ओले हात शर्टला पुसून फोन घेतला.

"मी रागावले नव्हते," हर्षा जर्मनमध्ये म्हणाली. "नाइन, नाही. रागावले होते. तू आकडे एकेक करून का नाही सांगितलेस?"

"मला ते तसे दिसतच नाहीत गं."

"आणि तेव्हा तू का हसलास? मानहाइमला?"

लहूंना वाटलं, हिला ते गाव, तो हॉल, सगळं आठवतंय. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कारण तुझा विचार इतका बरोबर होता. चूक भाषेची होती, तुझी नव्हती. एवढ्याशा पोरीनं नियम शोधून काढला, म्हणून मला हसू आलं. आनंदाचं."

"हे तू कधी सांगितलं नाहीस. तू किस्सा सांगायचास फक्त."

"हो," लहू म्हणाले. "किस्साच सांगायचो. ते वाईट केलं."

पलीकडे कपबशी वाजली. मग हर्षाने विचारलं, "तुझी ती संख्या, दुसऱ्याकडे गेलीय ती. त्याच्याकडे ती मूळ निघाली तर?"

"निघू दे. त्याच्या घरी आनंद होईल. ती काय माझी होती? सापडेल त्याला सापडते."

"आणि माझी? ती तुटली म्हणजे संपलं?"

लहू ताठ बसले. "संपलं कुठं? तुटते एवढंच कळलंय. कशानं तुटते ते कुणालाच माहीत नाही. मशिन म्हणतं, मूळ नाही. पण भाजक दाखवत नाही. भाजक शोधायचा तर तो वेगळा शोध."

"शोधता येतो?"

"येतो. वाटेल त्या आकड्यानं ती तुटत नाही. घाताची दुप्पट करायची, तिला कशानंतरी गुणायचं आणि एक मिळवायचा. भाजक असलाच तर तो असाच असतो. अमुक अधिक एक. एकोणी तोडायची तर एक जास्तीचाच लागतो!"

"लांगझाम, पप्पा, हळू. लहान उदाहरण दे. मी लिहून घेते."

लहूंनी क्षणभर विचार केला. "अकरा घे. दोनाचा अकरावा घात, वजा एक. दोन हजार सत्तेचाळीस. म्हणजे..." ते अडखळले आणि जपून म्हणाले, "दोन, शून्य, चार, सात."

"नको," हर्षा म्हणाली, आणि ते मराठीत म्हणाली. "तसं नको. तू सांगतो तसंच सांग. नाही कळलं तर मी विचारते."

अरुणाबाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"बरं," लहू म्हणाले. "अकराची दुप्पट बावीस. अधिक एक, तेवीस. तेविसानं दोन हजार सत्तेचाळीस तुटते. तेवीस गुणिले एकोणनव्वद."

"एकोण... नव्वद." ती शब्द उलटापालटा करून बघत होती. "आइनउंडनॉयन्त्सिश? एक्याण्णव?"

खोलीत कुणी हसलं नाही.

"गुणून बघ," लहू म्हणाले.

पेन्सिलीचा आवाज आला. "दोन हजार... त्र्याण्णव. नाही जमत." पुन्हा पेन्सिल. "नव्वदला एक कमी," ती हळूच म्हणाली. "तेवीस गुणिले... मोमेंट... श्टिम्ट. पप्पा, श्टिम्ट! बरोबर आलं."

"आणि त्या एकोणनव्वदमध्येही बाविसाची पट अधिक एक आहे का बघ."

"थांब ना," हर्षा म्हणाली. "मला करू दे."